घरचा संगणक : एक डबा की दोन?

आपल्या घरांतून यंत्राची खरेदी ही कधी एकट्याची खरेदी नव्हती. शिवणयंत्र घ्यावयाचे तर आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांचा सल्ला घेतला जाई. रेडिओ आला तेव्हा तो कोठे ठेवावा यावर बैठकीत दोन दिवस खल चाले, आणि अखेर क्रोशाचे आच्छादन पांघरून तो कोनाड्यात विराजमान होई. त्या चर्चेत एक शहाणपण असे. यंत्र कोण वापरणार, ते कोठे राहणार आणि बिघडले तर गावात ते उघडणारा कोण आहे, हे तीन प्रश्न कोणी न शिकविता विचारले जात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हे प्रश्न विसरलो, आणि दुकानातील झगमगीत पडद्याकडे पाहून पैसे मोजू लागलो. आम्ही स्वतः या चुकीतून गेलो आहोत, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

तो आताच करण्याचे कारणही आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी यावयाची विंडोज ११ ही प्रणाली, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर असलेल्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे दहा वर्षे निमूटपणे राबलेले अनेक घरगुती संगणक एकाएकी निवृत्तीला आले. स्नेहीमंडळींपैकी कोणी ना कोणी आठवड्यातून एकदा तरी विचारतो, "तो मोठा टॉवर आता नको. पडद्यातच सगळे असलेला ऑल-इन-वन घ्यावा, की तो लहानसा मिनी डबा आणि वेगळा मॉनिटर घ्यावा?" प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढील आठ-दहा वर्षांची सोय अवलंबून असते, आणि कधी कधी त्याहूनही पुष्कळ काही.

आत्याबाईंच्या वह्या

आमच्या आत्याबाई वडोदऱ्यास एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या घरात. चिरंजीव परदेशी, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे सासरे बडोदे संस्थानच्या नोकरीत होते आणि रोज रात्री मोडीत रोजनिशी लिहीत. अशा अकरा वह्या आत्याबाईंच्या ट्रंकेत आहेत. पावसाचा अंदाज, बाजरीचा भाव, कोण पाहुणे आले, मध्यवर्ती ग्रंथालयातून कोणते पुस्तक आणले, कोणाच्या लग्नात काय आहेर केला, असा साधाच मजकूर. परंतु दक्षिणेतून येऊन गुजरातेत रुजलेल्या एका मराठी घराचे ते दिवसांमागून दिवस टिपलेले चरित्र आहे. सासऱ्यांनी आपल्या हयातीत या सुनेलाच मोडी शिकविली. आज त्या घरात ती लिपी वाचू शकणारे दुसरे कोणी नाही.

या वह्या देवनागरीत उतरवून काढावयाच्या, असा आत्याबाईंनी निश्चय केला आणि २०१६ साली त्यांच्यासाठी संगणक पाहण्याची कामगिरी आमच्याकडे आली. दुकानदाराने एक सुबक ऑल-इन-वन पुढे केला आणि म्हणाला, "काका, एकज डबो ने एकज वायर! बाने कंई माथाकूट नहीं." आत्याबाईंना डोकेफोड नको, हे आम्हांलाही पटले. टेबलाखाली तारांचे जंजाळ नाही, धुळीने भरलेला टॉवर नाही. एक पडदा भिंतीशी उभा, आणि त्याच्या पाठीतच सारा संसार. आम्ही तो घेतला. सहा वर्षे त्याने तक्रार म्हणून केली नाही.

२०२२ च्या श्रावणात पडद्यावर एक उभी रेघ उमटली. चार दिवसांनी पडदा पार काळा झाला. बटण दाबले की आतला पंखा फिरे, सुरू झाल्याचा तो परिचित नादही येई. पण दिसे काहीच नाही. आत्याबाई आम्हांला म्हणाल्या, "अरे, माणूस आत जिवंत आहे, पण दार उघडत नाही, असं झालंय बघ."

आम्ही यंत्र घेऊन दुरुस्ती-केंद्रात गेलो. त्या नमुन्याचा पडदा आता मिळत नाही, अन्य मार्गाने आणविला तर खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाईल, तेव्हा यंत्रच बदला, असा सल्ला मिळाला. सल्ला हिशेबाने बरोबर असेलही. परंतु आत्याबाईंनी आपल्या कामाची प्रत पेन ड्राइव्हवर शेवटची काढली होती ती आदल्या दिवाळीत. त्यानंतर नऊ महिन्यांत त्यांनी तीन वह्या पुऱ्या केल्या होत्या, आणि त्या काळ्या पडद्याच्या मागे होत्या. मूळ वह्या ट्रंकेत सुरक्षित होत्या हे खरे. पण शाई फिकी पडलेली, कागद पिवळा झालेला, आणि मधल्या काळात आत्याबाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्या एवढेच म्हणाल्या, "पुन्हा लिहीन रे. पण तेवढं वाचायला डोळे कुठून आणू?"

यंत्राच्या पाठीवर एचडीएमआयचे एक भोक होते. मोठ्या आशेने आम्ही त्याला दिवाणखान्यातला दूरदर्शन संच जोडला. काही उमटले नाही. ते भोक चित्र बाहेर धाडण्याचे नव्हते, बाहेरचे चित्र आत घेण्याचे होते. अखेर आमच्या गल्लीच्या तोंडाशी लहानसे दुकान चालविणाऱ्या एका तरुण कारागिराने ते काम पत्करले. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या फटीत घालून, तासभर खपून त्याने पाठीचे झाकण सोडविले, अडीच इंची हार्ड डिस्क बाहेर काढली, ती एका लहान पेटीत बसविली आणि तारेने आपल्या संगणकास जोडली. 'मामंजी' नावाचा फोल्डर पडद्यावर दिसला तेव्हा आत्याबाईंनी नकळत हात जोडले.

या प्रसंगाने आम्हांला जे शिकविले ते एका वाक्यात सांगता येईल. पडद्याचे आयुष्य निराळे आणि यंत्राचे आयुष्य निराळे. त्यांची गाठ मारली की जो आधी जाईल तो दुसऱ्यालाही घेऊन जातो.

वाद जुनाच आहे

एकाच पेटीत सर्व काही असावे, ही कल्पना आजची नव्हे. १९७७ साली आलेल्या कमोडोर कंपनीच्या पेट या संगणकात पडदा, कळफलक आणि यंत्र एकाच सांगाड्यात होते. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलने मॅकिंटॉश आणला. नऊ इंची पडदा, १२८ किलोबाइट स्मृती आणि उचलून नेण्यासाठी माथ्यावर मूठ. ही स्मृती मालकाने वाढवू नये अशीच रचना होती. पेटी उघडावयाची तर लांब दांड्याचा खास पेचकस लागे. गंमत अशी, की ते यंत्र घडविणाऱ्यांच्या सह्या पेटीच्या आतल्या बाजूस उमटविल्या होत्या. ज्याला उघडण्याचा मान नाही त्याला त्या दिसणारही नव्हत्या!

१९९८ साली रंगीत, पारदर्शक अंगाचा आयमॅक आला आणि ऑल-इन-वन हा प्रकार घराघरांत लोकप्रिय झाला. पुढे पडदे चपटे झाले, तसे यंत्र पडद्याच्या पाठीत सरकले. याच्या उलट विचार त्याच कंपनीने जानेवारी २००५ मध्ये मॅक मिनीच्या रूपाने मांडला. आम्ही डबा देतो, पडदा, कळफलक आणि माऊस तुमचा तुम्ही आणा, असा तो व्यवहार होता. पुढे इंटेलने तळहाताएवढे एनयूसी नावाचे संगणक काढले. २०२३ साली तो व्यवसाय असूस कंपनीकडे गेला. डेल, एचपी, लेनोव्हो यांनी कचेऱ्यांसाठी सुमारे अठरा सेंटिमीटर लांब, तितकेच रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असे डबे काढले. त्यांचे घनफळ साधारण एक लिटर भरते, म्हणून बाजारात त्यांना एक लिटरचे संगणकही म्हणतात.

या वादाचा निकाल काही अंशी ॲपलनेच दिला असे आम्हांस वाटते. मार्च २०२२ मध्ये तिने सत्तावीस इंची आयमॅक बंद केला, आणि त्याच महिन्यात वेगळा सत्तावीस इंची पडदा व वेगळे यंत्र अशी जोडी बाजारात आणली. चोवीस इंची आयमॅक मात्र चालू राहिला. मोठ्या आणि महाग पडद्याला यंत्राशी बांधून ठेवणे परवडत नाही, हा त्यातला बोध कोणीही घ्यावा.

डब्याच्या आत काय असते?

पुष्कळांचा समज असा, की ऑल-इन-वन मोठा दिसतो म्हणून त्यात जोरदार यंत्र असेल आणि मिनी डबा लहान म्हणून दुबळा असेल. वस्तुतः घरगुती वापराच्या दोन्ही प्रकारांत बहुधा लॅपटॉपमध्ये असतात त्याच जातीचे कमी वीज खाणारे प्रोसेसर बसविलेले असतात. पत्रलेखन, हिशेब, छायाचित्रे, नातवंडांशी दूरदर्शी बोलणे, मुलांचा अभ्यास या कामांस ते पुरून उरतात. तेव्हा निवड शक्तीची नव्हे, रचनेची आहे.

रचनेत पहिली पाहावयाची गोष्ट म्हणजे रॅम. विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागतात असे तिच्या अटींत म्हटलेले असते. परंतु तेवढ्यावर काम करणे म्हणजे एका घागरीवर लग्नघर चालविणे. आठ हे आजचे किमान धरावे, आणि यंत्र आठ-दहा वर्षे वापरावयाचे असेल तर सोळा. त्याहून महत्त्वाचे असे, की ही रॅम खाचेत बसविलेली आहे की मूळ पटावर डाखलेली आहे, हे विचारावे. खाचेत असेल तर आज आठ घेऊन पुढे वाढविता येते. डाखलेली असेल तर आजचा निर्णय तो कायमचा. आजचे आयमॅक आणि मॅक मिनी या दोहोंतही ती खरेदीनंतर वाढविता येत नाही. म्हणजे केवळ डबा वेगळा असला की सारे सुटे असते, असेही समजू नये.

दुसरी गोष्ट साठवणीची. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेले नवे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, एसएसडीच घ्यावी. २०१६ चा आमचा ऑल-इन-वन सुरू होईपर्यंत आत्याबाईंचा चहा पिऊन होई. आजचा लहानसा डबा साखर ढवळेपर्यंत तयार असतो. हा फरक प्रोसेसरचा थोडा आणि एसएसडीचा फार आहे.

तिसरी गोष्ट आम्हांला प्रसंगाने शिकविली, पण तिचा उत्तरार्ध काळाने बदलला आहे. त्या कारागिराने डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली आणि काम झाले. आज अनेक नव्या यंत्रांत साठवण आपोआप कुलूपबंद केलेली असते. विंडोजच्या बाबतीत त्या कुलपाची किल्ली अठ्ठेचाळीस अंकांची असते, आणि ती पुष्कळदा यंत्र सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला त्या खात्यात जमा असते. ते खाते दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःच्या मनाने उघडून दिले असेल आणि त्याचा परवलीचा शब्द घरात कोणास ठाऊक नसेल, तर डिस्क हाती असूनही मजकूर हाती लागत नाही. म्हणून यंत्र घरी येताच ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि विम्याच्या कागदांत ठेवावी. चोरापासून रक्षण करणारे कुलूप घरच्यांनाच बाहेर ठेवू लागले तर त्याचा उपयोग काय?

वीज, ऊन आणि पाणी

परदेशी सल्लागार ज्यांचा विचार करीत नाहीत अशा तीन गोष्टी आपल्याकडे असतात : वीज, ऊन आणि पाणी.

मिनी डबा आणि बावीस-चोवीस इंची मॉनिटर मिळून साध्या कामात चाळीस वॉटच्या आसपास वीज घेतात, ऑल-इन-वनचेही तसेच. जुना टॉवर याच्या दुप्पट-तिप्पट सहज घेई. परिणामी घरगुती लहान यूपीएसवर टॉवर जेथे पंधरा-वीस मिनिटे तग धरी, तेथे ही लहान यंत्रे अर्ध्या तासाहून अधिक चालतात. वीज गेली तर लिहिते वाक्यच नव्हे, परिच्छेदही पुरा करता येतो. दोन्ही प्रकारांत वीज बहुधा बाहेरच्या ॲडॉप्टरमधून येते. दाब कमी-जास्त झाला तर पुष्कळदा तोच आधी जळतो, आणि तो बदलणे सोपे असते. बदलताना व्होल्ट तेच आणि अँपिअर तितकेच किंवा अधिक आहेत ना, आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे ना, हे पाहून घ्यावे.

उन्हाचे म्हणावे तर गुजरात-माळव्यात वैशाखात पारा चाळिसांच्या वर असतो. लहान अंगात उष्णता कोंडते. ऑल-इन-वनमध्ये तर पडद्याची आणि यंत्राची उष्णता एकाच पाठीत साठते. म्हणून तो भिंतीला अगदी चिकटवून, किंवा कपाटाच्या कप्प्यात बसवून वापरू नये. वीतभर मोकळी जागा मागे असावी. मिनी डबा वर्षातून एकदा उघडून मऊ कुंचल्याने पंखा झाडता येतो. बहुतेक डब्यांच्या तळाशी चार स्क्रू असतात. कचेरीसाठी केलेल्या कित्येकांना तर हाताने फिरवावयाचा एकच. ऑल-इन-वनची पाठ मात्र घरी उघडण्याच्या फंदात पडू नये.

पाण्याविषयी वडोदरेकरांस वेगळे सांगणे नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा आमच्या परिचयाच्या एका घरी तळमजल्यावरील टॉवर जमिनीवरच होता. तो सर्वात आधी बुडाला. मॉनिटरच्या पाठीला लहान डबा स्क्रूंनी बसविता येतो. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर शंभर मिलिमीटर अंतराची चार भोके असावी लागतात, ती आहेत का हे घेताना पाहावे. असे केले की दिसण्यात तो ऑल-इन-वनच होतो, जमिनीपासून वर राहतो, आणि पळापळीच्या वेळी डबा काढून पिशवीत घालता येतो.

डोळे, मान आणि कळफलक

वयस्क माणसांच्या बाबतीत पडद्याचा आकार हा पहिला विचार नव्हे. त्याची उंची हा आहे. बहुतेक स्वस्त ऑल-इन-वन मागेपुढे कलतात, पण वरखाली होत नाहीत. साधारणपणे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी आणि अंतर हातभर असावे. उंची कमी पडली तर आपल्याकडे पाट आहेच! परंतु द्विनाभी चष्मा वापरणाऱ्यांचे उलट असते. ते खालच्या भिंगातून वाचतात, म्हणून पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसावे लागते आणि संध्याकाळी मान धरते. आत्याबाईंचे असेच होई. त्यांना पडदा दोन बोटे खाली हवा होता, आणि त्या ऑल-इन-वनचा पाय हलत नव्हता. वेगळा मॉनिटर घेताना वरखाली होणाऱ्या पायाचा घेतला, आणि नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने संगणकाच्या अंतराचा स्वतंत्र चष्मा केला. त्यानंतर मानेचा शेक बंद झाला.

मराठी लिहिण्याची सोय आता दोन्ही प्रकारांत सारखीच आहे. युनिकोडमुळे देवनागरी प्रत्येक यंत्रात असतेच. त्यासाठी कोणी निराळे पैसे मागितले तर देऊ नयेत. आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. इनस्क्रिप्ट या कळरचनेत भारतीय लिप्यांची अक्षरे सारख्याच जागी आहेत. जी कळ देवनागरीत 'क' उमटविते तीच गुजरातीतही 'क'च उमटविते. आत्याबाईंनी मराठीसाठी बोटे बसविली. त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्या नातीने गुजराती निबंध टंकित केला. एकदा शिकलेली विद्या दोन घरी कामास आली.

मग कोणी काय घ्यावे?

एवढे सांगितल्यावर आम्ही ऑल-इन-वनचे वैरी आहोत असा कोणाचा समज होईल, तसे नाही. ज्या घरी एकटे वृद्ध राहतात आणि तार निसटली तर ती कोणत्या भोकात घालावयाची हे सांगणारे कोणी जवळ नाही, तेथे एकच तार हा मोठा आधार आहे. तार पायात अडकून पडण्याची भीती असेल, खोली फारच लहान असेल, किंवा दवाखान्याच्या अगर दुकानाच्या गल्ल्यावर नीटनेटकेपणा हवा असेल, तर ऑल-इन-वन घ्यावा. मात्र चार अटींवर. पडद्यासह तीन वर्षांची हमी असावी. रॅम व एसएसडी बदलता येणारी असावी. एचडीएमआयचे भोक चित्र आत घेणारे आहे, बाहेर देणारे आहे की दोन्ही आहेत, हे दुकानात प्रत्यक्ष लावून पाहावे. बाहेर देणारे असेल तर पडदा गेला तरी दूरदर्शन संचावर काम भागते. आत घेणारे असेल तर यंत्र म्हातारे झाल्यावर पडदा मॉनिटर म्हणून उरतो. आणि चौथी अट, त्या कंपनीचे दुरुस्ती-केंद्र आपल्याच गावात असावे. "अहमदाबादला पाठवू" किंवा "भोपाळहून येईल" या उत्तरावर समाधान मानू नये.

बाकीच्या घरांनी, विशेषतः जेथे मुले शिकत आहेत आणि यंत्र अनेकांच्या हातून जावयाचे आहे तेथे, मिनी डबा आणि वेगळा मॉनिटर घ्यावा, असे आमचे मत आहे. पैशांची वाटणी करताना मॉनिटरवर हात आखडू नये. तो दोन डब्यांचे आयुष्य पाहील. घरी जुना मॉनिटर चांगला असेल तर तोच ठेवावा आणि नुसता डबा आणावा. कचेऱ्यांतून निघालेले एक लिटरचे डबे अर्ध्याहून कमी दामात मिळतात आणि मजबूतही असतात. परंतु प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे ना, एवढे तपासल्यावाचून पैसे देऊ नयेत. वायफाय, ध्वनी आणि कॅमेरा यांचीही चौकशी करावी. ऑल-इन-वनमध्ये या गोष्टी आयत्या असतात. डब्याबरोबर बोलका आणि कॅमेरा कित्येकदा वेगळे घ्यावे लागतात, आणि परदेशीच्या लेकाशी बोलावयाच्या दिवशी हे ध्यानात आले तर विरस होतो.

किमतीचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही. ते महिन्यागणिक बदलतात. पण हिशेबाची रीत सांगतो. दुकानातल्या किमतीला वर्षांनी भागावे, आणि भागताना पडदा किती वर्षे व यंत्र किती वर्षे हे वेगवेगळे धरावे. ऑल-इन-वनमध्ये दोन्हींचे आयुष्य धाकट्या आयुष्याइतकेच धरावे लागते. एवढे केले की स्वस्त काय आणि महाग काय हे आपोआप कळते.

आणि यंत्र कोणतेही घ्या, मजकुराच्या प्रती दोन ठिकाणी असू द्या. यंत्र विकत मिळते. नऊ महिन्यांची मेहनत मिळत नाही.

पुढची गोष्ट

२०२२ च्या दसऱ्याला आत्याबाईंच्या टेबलावर नवा मॉनिटर आणि त्याच्या पाठीला लहान डबा लागला. तारा दोन वाढल्या. नातीने त्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या, लाल तार लाल खुणेत, निळी तार निळ्या खुणेत. विंडोज १० चा आधार संपण्यापूर्वीच तो डबा विंडोज ११ वर गेला. उद्या डबा थकला तर तेवढाच बदलू. ज्या पडद्याला आत्याबाईंचे डोळे सरावले आहेत तो हलणार नाही, आणि या वयात ही सोय लहान नव्हे. दर एकादशीला त्या दोन पेन ड्राइव्हवर प्रत काढतात. एक ट्रंकेत मूळ वह्यांशेजारी राहते. दुसरी नातीकडे जाते. उपास आणि प्रत, दोन्ही त्यांनी आजवर चुकविलेली नाहीत. अकरापैकी नऊ वह्या पुऱ्या झाल्या आहेत.

परवा शेजारच्या काकूंना संगणक घ्यावयाचा होता म्हणून आत्याबाई आमच्याबरोबर दुकानात आल्या. दुकानदार नवा होता, पण बोल जुनेच होते : एकच डबा, एकच वायर. आत्याबाईंनी तो पडदा चष्मा सावरून समोरून पाहिला, मग त्याच्या मागे गेल्या आणि पाठीवरून हात फिरवीत शांतपणे विचारले, "बाकी सगळं छान आहे हो. पण हे उघडतं कसं, तेवढं दाखवा."

दुकानदार आतल्या माणसाला बोलवावयास गेला.